टिपणीसांचा तुलनात्मक तक्ता

एक पुस्तक निवडायला आमच्या ह्यांना चार महिने पुरले नाहीत. चार महिन्यांत पनवेलच्या बाजारात आंबे येऊन गेले, गणपती येऊन गेले, आमच्या समोरच्या मोकळ्या जागेवर दोन मजले उभे राहिले. मी हे त्यांना बोलून दाखवलं तर म्हणाले, "त्या मजल्यांचं सिमेंट कुणी तपासलंय का?" आता अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं?

पुस्तक कसलं, तर स्पॅनिश भाषेतल्या वाक्प्रचारांचं. लाईन आळीत राहणाऱ्या, साठी उलटलेल्या कमलाकर टिपणीसांना स्पॅनिश वाक्प्रचार कशाला हवे होते ते सांगतेच. पण आधी हा माणूस काय चीज आहे ते कळायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल, बायको उगाच कांगावा करतेय.

यांनी तीस वर्षं एका सरकारी खात्याच्या भांडारात काढली. पाइप, व्हॉल्व्ह, दोरखंड, टॉर्चचे सेल, खात्याला लागणारी प्रत्येक वस्तू यांच्या नजरेखालून जायची. तिथली पद्धत अशी की कुठलीही गोष्ट घ्यायची तर तिचे तीन नमुने मागवायचे. मग मोठ्या कागदावर रकाने आखायचे. पहिल्या रकान्यात आपली गरज लिहायची, पुढच्या रकान्यांत कुठला नमुना त्या गरजेला उतरतो ते लिहायचं. याला म्हणायचं तुलनात्मक तक्ता. तो झाल्याशिवाय खात्यात टाचणीसुद्धा येत नसे. एकदा एका वजनदार माणसाच्या ओळखीतले पाइप यांनी तक्त्यात नापास केले, तर यांची बदली झाली. बिऱ्हाड उचलून आम्ही गेलो, पण यांनी तक्त्यावरची फुली काही खोडली नाही. या गोष्टीचा मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू?

पण पद्धत ऑफिसात ठेवून घरी यायचं ना! प्रेशर कुकर घ्यायचा ठरला तेव्हा यांनी तीन शेजाऱ्यांकडून तीन कंपन्यांचे कुकर मागून आणले, प्रत्येकात तुरीची डाळ लावली आणि घड्याळ घेऊन स्वयंपाकघरात बसले. तक्ता पूर्ण होईपर्यंत वर्षभर मी पातेल्यात डाळ शिजवत होते. लग्नासाठीही यांनी तीन मुली पाहिल्या होत्या आणि मी तिसरी. माझा तक्ता केला होता का, हे मी कधी विचारलं नाही. केलाच असेल.

आमचा एकुलता एक मुलगा निनाद. जहाजावर इंजिनीअर. चिली देशातल्या वाल्पाराइसो बंदरात त्याची मार्ताशी ओळख झाली. ती तिथे शाळेत शिकवते. चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत त्यांनी तिकडेच लग्न केलं आणि मे महिन्यात निनाद एकटाच सांगायला घरी आला. चार दिवस राहिला. चार दिवस हे त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मी मध्ये मध्ये चहा नेऊन देत होते, दुसरं काय करणार?

निघायच्या दिवशी तर कहर झाला. आमच्याकडे घराबाहेर पडणाऱ्याच्या हातावर दही घालतात आणि ते यांनीच घालायचं, अशी निनादच्या शाळेपासूनची रीत. मी वाटी-चमचा घेऊन उभी. निनाद हात पुढे करून उभा. आणि हे खिडकीकडे वळून पेपर वाचत बसले. पोराने हात तसाच धरून ठेवला, चांगली दोन मिनिटं. शेवटी मीच दही घातलं. रिक्षा वळणाआड जाईपर्यंत यांनी पेपराचं पान उलटलं नाही, हे मी पाहिलं. त्यानंतर आठ महिने बाप-लेकांत ना पत्र ना फोन.

पंच्याण्णवच्या जानेवारीत मार्ताचं पत्र आलं. यांच्या नावाचं. दोन पानं, सुंदर वळणाचं अक्षर, सगळं स्पॅनिशमध्ये. सोबत निनादची चिठ्ठी मला: 'आई, हे तिने मला न दाखवता लिहिलंय. मीही वाचलेलं नाही.' यांनी उरण नाक्यावरच्या रद्दीवाल्याकडून एक जुना शब्दकोश पैदा केला आणि आठ दिवस एकेक शब्द काढत बसले. आठव्या दिवशी मला पत्र वाचून दाखवलं. मार्ताने लिहिलं होतं की डिसेंबरात निनादला रजा आहे. त्यानंतर तो तिथेच बंदरावर नोकरी धरणार, म्हणजे तीन वर्षं तरी रजा नाही. मला तुमचं घर पाहायचंय, पण न बोलावता मी कुणाच्या घरी जात नाही. तुम्ही स्वतः बोलावलंत तर आम्ही येऊ. सप्टेंबरअखेर तिकिटं काढावी लागतील.

पत्राची घडी घालून हे म्हणाले, "उत्तर देतो." मी देवापुढे साखर ठेवली. मला काय माहीत, पुढे काय वाढून ठेवलंय!

"इंग्रजीत लिहा," मी म्हटलं. "निनाद वाचून दाखवेल तिला."

"पत्र ज्या भाषेत आलं त्याच भाषेत उत्तर द्यायचं, असा नियम आहे."

"तो सरकारी नियम. ती सून आहे आपली."

"म्हणूनच," हे म्हणाले.

मी माझ्याकडून निनादला लिहिलं, बाबांची वाट पाहू नका, मी बोलावते, या. त्याचं उलट टपाली उत्तर आलं. 'आई, तू बोलावणारच. बाबांनी बोलवावं.' दोघंही एकाच मातीचे. मधल्या मध्ये माझा जीव टांगलेला.

आमच्या वरच्या मजल्यावर कृष्णकांत राहतात. मुंबईत फोर्टला एका शिपिंग ऑफिसात आहेत. त्यांनी यांना स्पॅनिश शिकायच्या कॅसेटी आणून दिल्या. मग रोज सकाळी सात वाजता आमच्या हॉलमधून परकी बाई बोलायला लागली आणि तिच्या मागोमाग हे. बेलपाड्याहून भांडी घासायला येणाऱ्या भामाने चार दिवस ऐकून घेतलं आणि पाचव्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, "वयनी, भाऊंची परिक्षा हाय का? नापास झाले तर पेन्शन नाय ना बंद करत?" मी म्हटलं, "बंद झाली तर बरंच होईल बाई, निदान घाई तरी करतील."

पण शिकले हं! मे महिन्यापर्यंत यांना सहा ओळींचं पत्र लिहिता यायला लागलं. मला त्याचा अर्थ सांगितला: प्रिय मार्ता, तुझे पत्र मिळाले. आनंद झाला. तुम्ही दोघे डिसेंबरात पनवेलला या. तेव्हा इथे हवा चांगली असते. मी म्हटलं, "झालं की! आणते पाकीट."

"ही काय एसटीची चौकशी खिडकी आहे?" हे म्हणाले. "यात जिव्हाळा कुठाय? माणूस मनातलं बोलतो ते वाक्प्रचारांत बोलतो, कुमुद. ते आल्याशिवाय पत्र जाणार नाही. एक चांगला संदर्भग्रंथ लागेल."

आणि त्यांनी ड्रॉवरमधून पट्टी काढली. पट्टी निघाली म्हणजे आता तक्ता.

तीन नमुने आले. फोर्टातला एक पुस्तकवाला कृष्णकांतांच्या ओळखीचा होता, त्याने पसंतीसाठी म्हणून तीन पुस्तकं दिली. एक लाल, एक निळं, एक चांगलं विटेएवढं जाड. यांनी तिघांना ब्राऊन पेपरची कव्हरं घातली, वर क्रमांक टाकले आणि तपासणी सुरू केली. तपासायची रीत यांची स्वतःची. आपल्याला मराठीत जे वाक्प्रचार लागतात त्यांची यादी पहिल्या रकान्यात करायची आणि त्यातला एकेक स्पॅनिशमध्ये कुठल्या पुस्तकात सापडतो ते पाहायचं. मी वरवर नजर टाकली तर 'नाकी नऊ येणे', 'कान टवकारणे' असलं काहीतरी दिसलं. मला वाटलं, शाळेतला अभ्यास करतायत. नाद सोडला.

लाल पुस्तक स्पॅनिश शब्दाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेलं होतं. "ज्याला तो शब्दच ठाऊक नाही त्याने शोधायचा कुठे?" असा शेरा मारून ते नापास. हे मात्र मला पटलं. जाड पुस्तकात प्रत्येक वाक्प्रचार कुठल्या राजाच्या काळात कसा जन्मला याची दोन-दोन पानं, पण तो वाक्यात कसा घालायचा याचं एकही उदाहरण नाही. तेही नापास. राहिलं निळं. त्यात उदाहरणं होती, विषयवार मांडणी होती, मागे अर्थावरून शोधायची सूची होती. मला विचाराल तर निळं घ्यायला काहीएक हरकत नव्हती. पंधरा दिवस हे त्यात रमलेही होते. जेवताना मला एकेक ऐकवायचे. स्पष्ट बोलणाऱ्या माणसाच्या जिभेवर केस नसतात, असं ते लोक म्हणतात म्हणे. "तुझ्या जिभेवर एकही नाही," असं मला वर ऐकवून झालं. निर्णय लांबवायचा असेल तर ते लोक उशीशी सल्लामसलत करतात, हा वाक्प्रचार यांना फारच आवडला. आवडायचाच! यांच्या उशीने सांगितलेलं कधी संपायचंच नाही.

पण निळं पुस्तक स्पेनमधलं निघालं. सून चिलीची. तिकडचा वाक्प्रचार इकडे चालतो का, याची खात्री कोण देणार? यांनी प्रकाशकाला पत्र टाकलं, विषय आणि संदर्भ घालून. उत्तर कशाला येतंय? त्यातून पुस्तकात जे वाक्प्रचार चारचौघांत बोलू नयेत त्यांच्यापुढे चांदणी छापली होती. हे बघून यांना नवीनच घोर लागला. "एखाद्यापुढे चांदणी छापायची राहिली असेल तर? सासऱ्याने सुनेला पहिलं पत्र लिहायचं आणि त्यात भलतंच काही गेलं तर?"

कृष्णकांत तर रडकुंडीला आले होते. पुस्तकवाला रोज विचारत होता. त्यांनी एक चौथं, खिशात मावेल असं पुस्तक आणून दिलं, हे घ्या आणि माझी सुटका करा म्हणून. ते यांनी उघडलंही नाही. नमुने तीनच घ्यायचे असतात, चौथा घेतला तर पहिल्या तिघांवर अन्याय होतो! कृष्णकांत जिन्यात मला म्हणाले, "कुमुदवहिनी, तुम्ही एकतीस वर्षं काढलीत. मला तीन महिन्यांत ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली."

जून गेला, जुलै गेला, गणपतीही झाले. सप्टेंबरच्या नऊ तारखेला मी सरळ यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. पत्र चिलीला पोचायला पंधरा दिवस लागतात. तीस तारखेला तिकिटांची मुदत. "झालं का?"

यांनी टेबलावर तो मोठा कागद पसरला. चौतीस ओळी, चार रकाने, तांबड्या शाईच्या फुल्या. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: 'एकही नमुना गरजेस पूर्णतः उतरत नाही. सबब, नव्याने नमुने मागवावेत.'

माझा तोल सुटला. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. एवढं म्हटलं की तीन वर्षांनी पोरगा येईल तेव्हा मी असेन-नसेन, तुमची पुस्तकं उशाला घेऊन निजा. हे उठले. चपला घालून वडाळे तळ्यावर फिरायला निघून गेले. राग आला की हा माणूस तळ्यावर जातो, दुसऱ्याचा राग असला तरी.

मी तो कागद फाडायला हातात घेतला. खरंच सांगते, फाडणारच होते. पण इतक्या मेहनतीने आखलेला कागद फाडायचा म्हणजे निदान वाचावा तरी, म्हणून बसले. पहिल्या दहा ओळी तशाच, शाळेतल्या. बहुतेकांपुढे कुठल्या ना कुठल्या पुस्तकात बरोबरची खूण. पुढे मात्र खुणा विरळ होत गेल्या आणि अक्षर बारीक. मी फक्त पहिला रकाना वाचत खाली गेले.

डोक्यात राख घालून घेणे. अबोला धरणे. पाठ फिरवणे. पोटात तुटणे. जीभ न रेटणे. मन खात राहणे. वाटेकडे डोळे लावून बसणे. कुणाचे तरी तोंड पाहण्यासाठी जीव कासावीस होणे. आणि शेवटची, चौतिसावी ओळ: एखाद्याने आपली चूक पोटात घालणे. तिच्यापुढे तिन्ही रकान्यांत फुल्या.

मला रडू आलं. पण खरं सांगू? त्याहून जास्त संताप आला. हे सगळं या माणसाला मराठीत ठाऊक होतं. एकाखाली एक, अगदी क्रमवार. घरात मराठी कळणारी बायको, तिकडे मराठी कळणारा मुलगा, आणि हा माणूस चार महिने परक्या पुस्तकांत ते शोधत बसला होता! त्याला ते सापडलं नाही म्हणून तो पुस्तकांना नापास करत होता!

मी कागदाची घडी घातली, पाकिटात टाकला. सोबत चिठ्ठी लिहिली: 'निनाद, हे बाबांचं काम आहे. पहिला रकाना वाच. बाकीच्याकडे बघू नकोस.' आणि चप्पल सरकवून पोस्टात गेले. रजिस्टर्ड एअरमेल केलं आणि घरी येऊन कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी टेबल पालथं घातलं. "तक्ता कुठाय?"

"पाठवला."

"कुठे?"

"चिलीला."

मी एकतीस वर्षांत यांना ओरडताना ऐकलं नव्हतं, ते त्या दिवशी ऐकलं. "त्यावर माझी सही नव्हती! तो कच्चा कागद होता! खाडाखोड होती त्यात! सही नसलेला कागद बाहेर जातोच कसा?"

"बायकोने नेला की जातो," मी म्हटलं.

मग माझ्याशी अबोला. त्यात यांचा हात कोण धरणार? सतरा दिवस हे माझ्याशी मिठाची बरणी सरकव एवढ्यापुरतंही बोलले नाहीत. स्वतः उठून घेत होते. कृष्णकांतांनी तिन्ही पुस्तकं परत नेली तेव्हाही हे खुर्चीतून हलले नाहीत. कॅसेटीतली बाईही गप्प झाली. भामाने मला विचारलं, "लागला का निकाल?" मी म्हटलं, "लागायचाय." आणि पोस्टमन आला की मी जिन्यापर्यंत धावायची, पुन्हा वर यायची. यांच्याकडे बघायची तर हे पेपराआड. मलाही आतून धाकधूक होती. निनादने त्यात काय वाचलं असेल? नुसत्या फुल्याच दिसल्या असतील तर?

सत्तावीस तारखेला संध्याकाळी फोन वाजला. परदेशातला फोन म्हणजे पलीकडचा माणूस एवढ्या मोठ्याने बोलतो की घरभर ऐकू येतं. मी कसा आहेस, बरा आहेस ना विचारतेय तोवर निनाद म्हणाला, "आई, बाबांना दे."

मी रिसीव्हर यांच्यापुढे धरला. यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग रिसीव्हरकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा खिडकीकडे वळतो की काय. पण घेतला.

"हं," हे म्हणाले.

"बाबा, तुमचा कागद मिळाला." निनादचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. "तेविसाव्या ओळीत 'पाठ फिरवणे' लिहिलंय. हे त्या मे महिन्यातलं का?"

"हो."

"आणि मन खात राहणे?"

"हो."

"पोटात तुटणे?"

"हो. ते तेव्हाच." यांचा हात टेबलावर काहीतरी चाचपत होता. चष्मा असेल. "तू रिक्षात बसलास तेव्हा."

पलीकडे कागद उलगडल्याची खरखर. मग निनाद म्हणाला, "शेवटची ओळ मार्ताला समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले, बाबा. चूक पोटात कशी घालतात, ती विचारते. तिला काय सांगू?"

मी पदराला हात पुसत तिथेच उभी राहिले. हे आता म्हणणार, कच्चा कागद होता, सही नव्हती. म्हणणार, संदर्भग्रंथ मिळाला की कळवतो. मी रिसीव्हर हिसकावून घ्यायला हातसुद्धा पुढे केला होता.

"तिला सांग, माझं चुकलं," हे म्हणाले. "दोघं या. वाट बघतोय."

फोन ठेवून हे खुर्चीत बसले आणि मी आत जाऊन गॅस बंद केला. लग्नाच्या एकतीस वर्षांत 'माझं चुकलं' हे शब्द यांच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडले होते, आणि तेही मला उद्देशून नव्हते.